शिक्षक कोठें घडतो?

(शिक्षक व पालक यांच्या सभेंत वाचलेलें भाषण)



गेले कांहीं महिने पारावर, पिठाच्या गिरणीवर, एस. टी. च्या थांब्यावर आम्हांस एकच प्रश्न विचारला जात आहे : "गुरुजी, तुम्हांला आतां पुन्हां परीक्षा द्यावी लागणार म्हणे?" विचारणारांत कित्येक आमचेच जुने विद्यार्थी असतात आणि त्यांच्या तोंडावर थोडा आनंदहि दिसतो. तो आनंद आम्ही हिरावून घेत नाहीं. आजवर आम्हीं त्यांची परीक्षा घेतली, आतां कोणी आमची घेतो, यांत त्यांस न्यायच दिसणार.

गोष्ट खरी आहे. सुप्रीम कोर्टानें १ सप्टेंबर २०२५ रोजीं निकाल दिला कीं, ज्या शिक्षकांच्या नोकरीचीं पांचाहून अधिक वर्षें उरलीं आहेत त्यांनीं दोन वर्षांचे आंत शिक्षक पात्रता परीक्षा उतरावी, नाहीं तर नोकरी सोडावी. ज्यांचीं पांचाहून कमी उरलीं त्यांनीं राहावें, पण बढतीची आशा करूं नये. कोर्टाशीं वाद घालण्यासाठीं आम्ही उभे राहिलों नाहीं. आमच्यापैकीं पुष्कळांनीं पुस्तकें उघडलीं आहेत, आणि मुलगा दहावीचा व बाप पात्रतेचा असा दोघांचा अभ्यास एका दिव्याखालीं चालला आहे. परंतु या निकालानें एक प्रश्न सर्वांच्या जिभेवर आणून ठेवला, हें मात्र बरें झालें. दीडशें प्रश्न, दीडशें गुण, चार उत्तरांतील एक गोल काळा करावयाचा. एवढ्यानें शिक्षक ओळखतां येतो काय? आणि ओळखतां आला तरी तो आधीं घडला कोठें? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? शिक्षक कसा घडवावा याचा विचार आपल्या मुलखांत कालपरवां सुरू झालेला नाहीं. तो दोनशें वर्षें चालला आहे. त्यांत कांहीं साधलें, कांहीं फसलें. आणि नवल असें कीं, जें साधलें होतें तेंच आपण आज विसरून बसलों आहों. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम आमच्या स्वतःच्या शिकण्याची हकीकत थोडी ऐका. पंचवीस वर्षांमागें आम्ही ज्या अध्यापक विद्यालयांत शिकलों तें शहरगांवीं होतें. नांव घेण्याचें कारण नाहीं. बहुतेक तशींच होतीं. मूल हें शिक्षणाचा मध्यबिंदु आहे, असें आम्हांस रोज सांगण्यांत येई. पण तें मूल आमच्या दृष्टीस पडे फक्त सरावपाठाच्या दिवशीं, तीस-पस्तीस मिनिटें. सरावशाळा एक, विद्यालयें तीन, आणि छात्राध्यापक शेंकड्यांनीं. त्यामुळें पाण्याची वाफ कशी होते हा चौथीचा पाठ एकाच वर्गानें एका महिन्यांत सहा-सात वेळां ऐकावा लागे. मुलें इतकीं तयार झालीं होतीं कीं, आमचा एक सोबती प्रस्तावनेंतच अडखळला तेव्हां पुढच्या बाकावरील एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आतां किटली दाखवायची असते." मागें बसलेल्या निरीक्षकांनीं त्या पाठाला चांगले गुण दिले. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम, असा शेराहि मारला.

पुढें नेमणूक झाली ती दोन खोल्यांच्या शाळेवर. वर्ग चार, शिक्षक दोन. आणि त्या दोघांतला एक आठवड्यांतून एकदां तरी तालुक्याला बैठकीस गेलेला. म्हणजे चार वर्गांचीं मुलें एकाच्या अंगावर. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतलीं पोरें आईबापांबरोबर निघून जात आणि चैत्र लागतां लागतां परत येत. तोंवर बाकीचीं मुलें पुस्तकाच्या शेवटच्या पानाला पोंचलेलीं. घरची बोली निराळी, पुस्तकाची निराळी. एका वेळीं चार वर्ग कसे चालवावे, परत आलेल्या पोराला कोठून धरावें, त्याच्या बोलीवरून पुस्तकाच्या भाषेवर कसें आणावें, यांतलें एकहि प्रकरण आमच्या टाचणवहींत नव्हतें. किटलीचा पाठ मात्र तोंडपाठ होता. शेवटीं आम्हीं तिसरी-चौथीचीं समंजस मुलें निवडलीं आणि पहिलीच्या दोन-दोन पोरांमागें एकेकाला बसविलें. धुळींत बोटानें अक्षर काढावयाचें, लहानानें तें गिरवावयाचें, चुकलें तर पुसून पुन्हां. गांवांतले एक म्हातारे ओसरीवरून पाहत होते. ते म्हणाले, "अहो, पूर्वीचे पंतोजी असेंच करीत!"

म्हातारबुवांनीं बरोबर ओळखलें. या पंतोजींच्या युक्तीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १७८९ सालीं अँड्र्यू बेल नांवाचे एक पाद्री मद्रासेस गोऱ्या शिपायांच्या अनाथ मुलांच्या शाळेवर देखरेखीस होते. त्यांनीं एका देशी शाळेंत मुलें वाळूवर अक्षरें गिरवीत आहेत असें पाहिलें, आणि आपल्या मास्तरांस तसें करावयास सांगितलें. मास्तर ऐकेनात. तेव्हां त्यांनीं आठ वर्षांच्या एका मुलालाच खालच्या वर्गाचा शिक्षक केलें, आणि तो वर्ग चालूं लागला. बेलसाहेबांनीं ही रीत १७९७ सालीं लंडनांत छापून प्रसिद्ध केली. जोसेफ लँकेस्टर यांनीं लंडनांतच तशीच पद्धति स्वतंत्रपणें चालविली. आणि एका मास्तराच्या हाताखालीं शेंकडों मुलें मुलांकडूनच शिकूं लागलीं. विलायतच्या सावकारांस ती फार आवडली. कां आवडली? स्वस्त पडे म्हणून! आमच्या ओसरीवरची युक्ति अशी सातासमुद्रांपलीकडे जाऊन तिकडचा शिक्का घेऊन आली, आणि एल्फिन्स्टन साहेबांच्या कारकीर्दींत मुंबईच्या शाळामंडळीनें तीच लँकेस्टरची पद्धति म्हणून आमच्याच पंतोजींस शिकविण्याचें ठरविलें. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या हाताखालीं तयार झालेले चोवीस शिक्षक १८२६ सालीं मराठी व गुजराती मुलखांत धाडण्यांत आले. सरकारी रीतीनें शिकवून तयार केलेल्या शिक्षकांची आपल्याकडील ही पहिली तुकडी.

मुलानें मुलास शिकविणें चांगलें. आम्ही आजहि तें करतों. पण मुलगा हा शिक्षकाच्या ऐवजीं चालेल असें ज्या दिवशीं ठरलें त्या दिवशीं ती पद्धति बिघडली. घोकंपट्टी वाढली, विलायतेंतच लोक तिला कंटाळले. मग १८४६ सालीं तिकडे दुसरा मार्ग काढला. तेरा वर्षांचीं चुणचुणीत मुलें व मुली निवडून त्यांस एकेका चांगल्या हेडमास्तराच्या हाताखालीं पांच वर्षें उमेदवारीस ठेवीत. दिवसा त्यांनीं वर्गावर शिकवावें, आणि रोज दीड तास हेडमास्तरानें त्यांस शिकवावें. पंचवीस मुलांमागें असा एक उमेदवार. त्याला पहिल्या वर्षीं दहा पौंड आणि पांचव्या वर्षीं वीस पौंड सरकारांतून मिळत, हेडमास्तरालाहि शिकविण्याचा मोबदला मिळे, आणि चांगल्या उमेदवारास पुढें ट्रेनिंग कॉलेजांत जाण्यास शिष्यवृत्ति मिळे. सुताराच्या पोरानें बापाच्या शेजारीं बसून वाकस धरावयास शिकावें तशी ही रीत. मजूर-कारागिरांचीं मुलें या वाटेनें शिक्षक झालीं. फी भरून तें काम त्यांस साधलें नसतें.

या व्यवस्थेला दृष्ट लागली १८६२ सालीं. रॉबर्ट लो नांवाच्या मंत्र्यानें नियम केला कीं, शाळेचें अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणित यांतील पासावर ठरेल. झालें! हेडमास्तर उमेदवाराला शिकवीनासे झाले, उमेदवारांची संख्या घसरली, आणि तपासनीस येण्याच्या दिवसासाठीं मुलांकडून पुस्तक घोकून घेणें हाच शिक्षकाचा धंदा झाला. तीस-पस्तीस वर्षें हा प्रकार चालला आणि मग त्यांचा त्यांनींच तो मोडला. परीक्षेचा काटा हातांत घेऊन शाळा तोलणारांनीं ही गोष्ट मुद्दाम वाचावी.

आतां आपल्या घरीं या. मुंबईस १८४५ सालीं सरकारनें शिक्षक तयार करण्यासाठीं नॉर्मल क्लास काढला आणि बाळशास्त्री जांभेकर यांस त्यावर नेमलें. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें अशा शाळा ठिकठिकाणीं काढाव्या असें सांगितलें, आणि पुण्यास ट्रेनिंग कॉलेज उभें राहिलें. तेथें शिकणारास दरमहा वेतन मिळे. हें वेतन कोणाच्या खिशांतून येई? शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंडाची पट्टी बसविली होती आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. कुणब्याचा आणा त्यांत होता. पण त्या कॉलेजांत कुणब्याचा पोरगा होता काय?

हाच प्रश्न जोतीराव फुले यांनीं विचारला. ज्या माणसानें १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा घातली त्याला शिक्षक मिळण्याची अडचण पुस्तकांतून समजली नव्हती. शिकविणारी बाई मिळेना म्हणून त्यांनीं ती घरांतच तयार केली. सावित्रीबाईंस त्यांनीं स्वतः शिकविलें; पुढें नगरास अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यास मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कुलांत त्या शिकल्या. बाईंचें शिक्षण व त्यांची शाळा हीं बरोबरच चाललीं. आमच्या मुलखांतली पहिली मोठी शिक्षिका अशी घडली, हें आम्ही सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार घालतांना विसरतों.

जोतीरावांनीं १८६९ सालीं 'सत्यदीपिके'त विद्याखात्यांतील पंतोजींवर पोवाडा लिहिला आणि जातीजातींत पंक्तिप्रपंच करणाऱ्या मास्तराचें सोंग उघडें केलें. परंतु नुसत्या टीकेवर ते थांबले नाहींत. १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनपुढें त्यांनीं लेखी निवेदन दिलें, त्यांत शिक्षक कसा असावा, कोणांतून घ्यावा, काय शिकवावा आणि त्यास काय द्यावें, याचा सबंध आराखडा आहे. त्यांनीं सांगितलें कीं, प्राथमिक शाळांवरील शिक्षक बहुतेक एकाच जातीचे आहेत. त्यांतले थोडे ट्रेनिंग कॉलेजचे, बाकीचे न शिकलेले. पगार क्वचितच दहा रुपयांवर. अशांच्या हाताखालीं शिकलेलीं पोरें अंगमेहनत टाळून नोकरी शोधूं लागतात. म्हणून शिक्षक शक्य तोंवर शेतकरी वर्गांतूनच तयार करावा. तो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा जाणेल, आणि प्रसंग पडला तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातांत धरावयास लाजणार नाहीं. त्याच्या अभ्यासांत नेहमींच्या विषयांशिवाय शेती व आरोग्य यांचीं मूलतत्त्वें असावीं. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं पंधरा किंवा वीस असावा. शाळा तपासावयाची ती वर्षांतून एकदां वर्दी देऊन नव्हे, तर निदान तिमाहीस आणि न कळवितां.

सज्जनहो, यांतील नांगराच्या मुठीचें वाक्य पुष्कळांस ठाऊक आहे. सभांतून तें येतें. पण त्याचा अर्थ 'शिक्षक आपल्या जातीचा असावा' एवढाच कोणी घेत असेल तर तो अर्धाच अर्थ झाला. आज शाळाखात्यांत सर्व जातींचे शिक्षक आहेत आणि हें मोठेंच काम झालें आहे. तरीहि कुणब्याच्या पोटीं जन्मलेला गुरुजी तालुक्याच्या गांवीं बंगला बांधून तेथून मोटारसायकलीवर ये-जा करूं लागला, वर्गांतल्या पोरानें 'म्यां केलं' म्हटल्याबरोबर त्याला हंसूं लागला, तर नांगर धरणारा हात त्यानेंहि सोडलाच म्हणावयाचा. जोतीरावांची मागणी जन्माची होती तितकीच अंगवळणाचीहि होती. म्हणून तर त्यांनीं निवडीबरोबर शिक्षणक्रमाचीहि गोष्ट काढली. आणि अंगवळण दोन वर्षें शहरांतल्या इमारतींत बसून पडत नाहीं.

जोतीरावांचें अक्षर न् अक्षर आम्हांस पटतें असेंहि नाहीं. जास्त मुलें पास करणाऱ्या शिक्षकास पगाराखेरीज बक्षीस द्यावें, अशी त्यांची एक सूचना होती. विलायतेंत लोसाहेबांनीं काय केलें हें पाहिल्यावर ती आम्हांस धोक्याची वाटते. तसेंच, शिक्षकास गांवचे हिशेब तपासणें, पोस्ट सांभाळणें असलीं कामें देऊन त्याचा मान वाढवावा असें त्यांनीं म्हटलें होतें. तेव्हां तें खरेंच होतें. आज मात्र शिक्षकाला जनगणना, मतदारयादी, पोषण आहाराचा हिशेब आणि रोज मोबाइलवर भरावयाची माहिती, अशीं कामें भरपूर मिळालीं. मान तेवढा मिळावयाचा राहिला!

पगाराची गोष्ट निघालीच आहे तर तीहि सांगून टाकूं. महाराष्ट्र सरकारनें २००० सालीं शिक्षणसेवक नांवाची जागा निर्माण केली. नवा प्राथमिक शिक्षक पहिलीं तीन वर्षें दरमहा तीन हजार रुपये मानधनावर काम करी. खोलीचें भाडें, गाडीभाडें आणि खाणावळ भागवून घरीं काय पाठवावें हा त्याला प्रश्न पडे. पुढें त्याचे सहा हजार झाले, आणि २०२३ सालीं सोळा हजार. स्वस्त शिक्षकाचा मोह बेलसाहेबांच्या वेळचा आहे. दर वीस-पंचवीस वर्षांनीं तो नवें नांव घेऊन येतो. चवदा रुपये पगार मिळतो म्हणून गुरुजी शिधा मागत फिरतो, अशी जुनी तक्रार होती. आतां शिधा मागत नाहीं, शिकवण्या घेतो, एवढाच फरक.

मग नांगराची मूठ धरणारा शिक्षक कोणी घडविला कीं नाहीं? घडविला. सातारा जिल्ह्यांत घडविला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र बोर्डिंग घातलें, आणि १९३५ सालीं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केलें. नांवांतला 'रूरल' हा शब्द शोभेचा नव्हता. जेथें शाळा नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा काढावयाच्या आणि तेथें टिकणारा शिक्षक तयार करावयाचा, हें त्याचें काम. बोर्डिंगांत दळण, स्वयंपाक, शेतकाम हीं मुलांचीं हातचीं कामें होतीं. तेव्हां तेथून निघालेल्या गुरुजीला वाडीवर गेल्यावर चूल पेटवितां येते कीं नाहीं असा प्रश्न उरत नव्हता. अशा शाळांची संख्या १९४९ च्या सुमारास पांचशेंच्या वर गेली होती. पुढें त्या स्कूल बोर्डाकडे गेल्या. १९४२ सालीं बायकांसाठींहि साताऱ्यांत ट्रेनिंग कॉलेज निघालें. या सगळ्याला सरकारचा पैसा किती आणि गांवकऱ्यांनीं मूठ मूठ धान्य बाजूस काढून चालविलेला मुष्टिफंड किती, हा हिशेब ज्यानें त्यानें करावा. आमच्या घरीं एक मडकें अजून आहे. त्याला आमची आजी 'शाळेचें मडकें' म्हणे.

दुसरें उदाहरण ठाणे जिल्ह्याकडील, आतांच्या पालघरचें. ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाईंच्या बरोबर बालशिक्षणाचें काम केलें, आणि १९४५ सालीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवांत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. पुढें त्या डोंगराकडे कोसबाडला गेल्या. वारली पोरें शाळेंत येईनात, कारण तीं गुरें राखावयास जात. या दोघींनीं काय करावें? शाळाच उचलून कुरणांत नेली! गुरें चरताहेत, आणि झाडाखालीं शाळा चालली आहे. तिचें नांव कुरणशाळा. अंगण झाडून तेथेंच लहान मुलांस बसविलें, ती अंगणवाडी. बालशिक्षिका तेथें तयार होत त्या याच मुलांच्या मेळ्यांत, पानाफुलांचीं आणि बियांचीं साधनें हातानें करीत. अंगणवाडी हा शब्द आज देशभर झाला, पण ती शिक्षिका घडविण्याची रीत मात्र कोसबाडच्या टेकडीवरच राहिली.

(वर्धा योजनेचें नांव येथें कोणी घेईल. १९३७-३८ च्या झाकिर हुसेन समितीनें शिक्षकासाठीं तीन वर्षांचा पुरा क्रम आणि तातडीसाठीं एक वर्षाचा असा विचार केला होता, तो चांगला होता. पण तो सरकारी परिपत्रकानें गांवोगांव गेला तेव्हां टकळीचा तास एवढेंच त्याचें रूप उरलें. आमच्या वडिलांच्या वेळचे गुरुजी सांगत कीं, साहेब यावयाचे दिवशीं सूत शेजारच्या शाळेंतून आणीत. यावर अधिक बोलत नाहीं.)

आतां या धंद्याचें दुकान कसें झालें तें पाहूं. नॉर्मल स्कुलांत सरकार शिकणारास वेतन देई. साताऱ्यास गांवकरी धान्य देत. आमच्या काळीं उलटें झालें : शिकणारानें पैसे मोजावयाचे. डी. एड्. झालें कीं नोकरी ठेवलेली, अशी समजूत पसरली आणि गांवोगांव अध्यापक विद्यालयें उगवलीं. कोणी म्हैस विकली, कोणी विहिरीसाठीं ठेवलेला पैसा मुलीच्या फीला घातला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या पश्चिम विभागानें महाराष्ट्रांतील २९१ विद्यालयांस मान्यता देण्याचा घाट घातला तेव्हां खुद्द राज्य सरकारनेंच हरकत घेतली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें, कोर्टानें न्यायमूर्ति जे. एस्. वर्मा यांचें कमिशन बसविलें, आणि २०१२ सालीं त्याचा अहवाल आला. तपासणींत त्या २९१ पैकीं बहुतेक विद्यालयें नालायक ठरलीं. देशांतल्या दहा हजारांवर एकट्या-दुकट्या संस्था शिक्षक घडविण्याचा प्रयत्नच करीत नाहींत, पैसे घेऊन पदव्या विकतात, असें त्या अहवालाच्या आधारानें २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतच छापलें आहे. ज्यांनीं म्हैस विकली त्यांच्या मुलांचें काय झालें? २०१० नंतर भरतीच जवळजवळ थांबली. पवित्र पोर्टलवरून ती पुन्हां सुरू झाली तेव्हां २०१९ उजाडलें होतें. तोंवर आमच्या माहितीचे दोघे डी. एड्. झालेले तरुण दुधाच्या गाडीवर लागले होते. एकानें तर प्रमाणपत्र कांचेंत बसवून गोठ्याच्या भिंतीला लावलें आहे.

आणि परीक्षेचें म्हणाल तर तिची कथा ताजीच आहे. पात्रता परीक्षा हा चोर अडविण्याचा दरवाजा म्हणून उभा केला. २०१९-२० च्या त्या परीक्षेंत पैसे घेऊन नापासांस पास केल्याचा गुन्हा पुण्याच्या पोलिसांनीं उघडकीस आणला, डिसेंबर २०२१ मध्यें परीक्षा परिषदेच्या प्रमुखासच अटक झाली, आणि २०२२ सालीं साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरविले गेले. कुंपणच शेत खाऊं लागलें! जी पात्रता फक्त कागदावर दिसते ती कागदावर विकतांहि येते. सहा महिने जो उमेदवार एखाद्या गांवांत राहून पोरांना शिकवील, त्याची पात्रता कशी विकणार? गांवच साक्षीला असेल.

नव्या धोरणांत चार वर्षांची एकत्रित बी. एड्. पदवी सांगितली आहे आणि २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता तीच व्हावी असें म्हटलें आहे. चार वर्षें शिकवा, आमची ना नाहीं. पण ज्या पदव्या शहरांतील मोठ्या कॉलेजांतूनच मिळतील त्यांचा खर्च वाडीवरच्या मुलीला झेपेल काय, आणि तेथें चार वर्षें राहिलेली मुलगी वाडीवर परत येईल काय, हा जोतीरावांचाच प्रश्न पुन्हां उभा राहतो. तिला फी माफ केली, वर दरमहा विद्यावेतन दिलें, आणि तिचीं दोन वर्षें तिच्याच तालुक्यांतल्या शाळेंत चांगल्या शिक्षकाच्या हाताखालीं गेलीं, तर ही पदवी आमच्या कामाची. नाहीं तर दोन वर्षांची किटली चार वर्षांची होईल, एवढेंच.

मुंबई-दिल्लीस काय ठरावयाचें तें ठरेल. पण कांहीं गोष्टी आजच्या नियमांतच बसतात आणि त्या आपल्या हातच्या आहेत. २०१४ च्या नियमांप्रमाणें डी. एल्. एड्. च्या छात्राध्यापकाला वीस आठवडे शाळेंत आंतरवासिता करावी लागते. वीस आठवडे म्हणजे पांच महिने, थोडके नव्हेत. होतें काय, कीं विद्यालयाजवळची शाळा धरून हजेरीपत्रकावर सह्या होतात आणि फाइल रंगते. तेच वीस आठवडे चार छात्राध्यापकांनीं आमच्या गांवीं राहून काढावे, असें विनंतिपत्र आम्हीं जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला लिहिलें आहे. त्यांनीं दिवसा वर्ग घ्यावे. संध्याकाळीं आमच्याबरोबर दुसऱ्या दिवसाची तयारी करावी. ऊसतोडीहून पोरें परत येतील तेव्हां त्यांच्या घरीं जाऊन त्यांस कोठून धरावयाचें तें पाहावें. आणि आमचेहि पाठ बघून आमच्या चुका सांगाव्या. जुन्या टीकापाठांत फक्त विद्यार्थ्यावर टीका होत असे, मास्तरावर नव्हे; ती दुरुस्ती या निमित्तानें होऊं द्या. पालकांनींहि न कळवितां शाळेंत येऊन मागें बसावें. जोतीरावांची अचानक तपासणी साहेबाकडून होणार नसेल तर तुम्हीं करावी, आमची हरकत नाहीं.

विनंतिपत्र मंजूर झालें तर पोरांच्या राहण्या-जेवण्याची सोय गांवानें करावी लागेल. दोघां मुलींची व्यवस्था अंगणवाडीच्या बाईंनीं आपल्या माडीवर करण्याचें कबूल केलें आहे. दोघां मुलग्यांसाठीं जुन्या चावडीची खोली आहे, तिचीं कौलें पावसाच्या आधीं चाळून घेतलीं पाहिजेत. सुतार आणि दोन गडी लागतील. धान्यासाठीं दर घरीं दळणाच्या वेळीं एक मूठ बाजूस काढावी. चार माणसांना तेवढें पुरून उरेल. कोणी किती द्यावयाचें, कौलांना कोणीं यावयाचें, हें लिहून घेण्यास वही अध्यक्षांच्या पुढें ठेवली आहे. सभा उठण्यापूर्वीं नांवें घालावीं. मडकें आम्ही आमच्या घरून आणतों.